नवा वस्तरा, पण धार लागत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सलूनमधल्या वस्तऱ्यात आता अर्धे ब्लेड अडकवतात. त्याला दगड लागत नाही आणि चामडेही लागत नाही. या वेळचे प्रश्न आहेत अख्ख्या पात्याच्या, घरी धार लावायच्या वस्तऱ्याबद्दल. जवळजवळ प्रत्येक पत्राचा सूर एकच आहे: चांगले पैसे मोजून नवा घेतला, पण चालत नाही. उत्तरांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द आधी सांगून ठेवतो. पात्याची जाड बाजू ती पाठ. धारेचे मुठीकडचे टोक ती टाच, पुढचे टोक ते नाक. टाचेमागे पाते एकदम जाड होते तो खांदा. दगडावर घासल्यावर धारेलगत जी बारीक चकचकीत पट्टी उमटते, ती धारेची पट्टी. दगडाचा किंवा पेपरचा आकडा जितका मोठा, तितके त्याचे कण बारीक. चामडे म्हणजे दगडानंतर पाते ज्यावर फिरवतात तो पट्टा.

प्रश्न (कोल्हापूर): ऑनलाइन ६/८ मापाचा नवा वस्तरा मागवला. खोक्यावर 'दाढीसाठी तयार' असे छापले आहे. पहिल्याच हाताला केस ओढले गेले आणि गालाची आग झाली. माल सदोष समजायचा का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. नव्या वस्तऱ्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी बिघडलेल्या असू शकतात. एक म्हणजे धार नीट लागलेली नसणे. हे दगडावर तासा-दोन तासांत सुधारते. दुसरी म्हणजे पात्याची बांधणीच चुकलेली असणे. ती दगडावर सुधारत नाही, फक्त लपवता येते. 'दाढीसाठी तयार' या शब्दांना कोणतेही माप नाही. बऱ्याच कारखान्यांत धारेवरचा शेवटचा हात फिरत्या चाकावर होतो. त्याने धार डोळ्याला चकचकीत दिसते, पण तिचे टोक सूक्ष्मदृष्ट्या गोलसर राहते. म्हणून नवा वस्तरा आला की दाढी करू नका, दगडावरही नेऊ नका. आधी तपासा. त्यासाठी व्हर्निअर, काचेचा सपाट तुकडा, मोबाइलचा टॉर्च आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरे.

पहिले काम कोनाचे. दगडावर घासताना पाते आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. तो हाताने बदलता येत नाही, म्हणून कारखान्यात पाठ चुकली की सगळेच चुकले. पाठीची जाडी जिथे सर्वांत जास्त तिथे मोजा, धारेपासून पाठीच्या त्या जागेपर्यंतची रुंदी मोजा. जाडीला रुंदीने भागा आणि ५७ ने गुणा. कोन अंशांत मिळतो. उदाहरणार्थ ६/८ इंचाचे पाते साधारण १९ मिमी रुंद असते. पाठ ५.४ मिमी असेल तर ५.४ भागिले १९ म्हणजे ०.२८४, गुणिले ५७, म्हणजे १६ अंशांच्या किंचित वर. हा उत्तम कोन. १५ ते १८ पर्यंत निश्चिंत राहा. पण त्याच रुंदीला पाठ ७ मिमी निघाली तर कोन २१ अंश होतो. असे पाते केस कापेल, पण सुखाने नाही. १५ च्या बरेच खाली गेले तर धार नाजूक होऊन बारीक दाते पडतात. (व्हर्निअरचे जबडे धारेवर दाबू नका, नुसते टेकवा.)

हेच माप टाच, मध्य आणि नाक अशा तीन जागी घ्या. पाते नाकाकडे थोडे निमुळते असले तरी चालते, पण जाडी आणि रुंदी यांचे प्रमाण तिन्ही जागी जवळपास सारखे हवे. टाचेला पाठ ५.४ आणि नाकाला ४.८, पण रुंदी दोन्हीकडे १९, असे निघाले तर एकाच पात्यात दोन कोन आहेत. असे पाते परत करावे, हे आमचे स्पष्ट मत.

मग काच. ती टेबलाच्या कडेला ठेवा आणि पाते असे आडवे टेकवा की खांदा व मूठ काचेबाहेर लोंबतील. पाते सरकवायचे नाही, फक्त ठेवायचे. टाचेवर आणि नाकावर आळीपाळीने बोटाने हलके दाबा. टकटक असा आवाज येऊन पाते डुलले तर ते वाकलेले किंवा पिळलेले आहे. मागून टॉर्च लावा आणि धारेखालून उजेड कुठे येतो ते पाहा. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिमी असते. तो कागद धारेखालून मधल्या भागात सहज सरकला, तर दोष मोठा आहे. दोन्ही बाजूंनी तपासा.

शेवटी भिंग. दिव्याखाली धार थेट डोळ्यासमोर, टोकावरून पाहा. खरी धार दिसत नाही, ती काळी रेघ असते. जिथे पांढरा ठिपका किंवा चमकती रेष दिसते तिथे धार बोथट आहे किंवा दाता पडला आहे.

कोन बरोबर, काचेवर पाते स्थिर, आणि धार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखी चमकते (म्हणजे सगळीकडे सारखीच बोथट आहे), असे असेल तर तुमचा वस्तरा चांगला आहे, त्याला फक्त धार हवी. १००० च्या दगडावर हाताच्या मनगटाजवळचे केस टाचेपासून नाकापर्यंत सगळीकडून सारखे उडेपर्यंत घासा. ते होत नाही तोवर पुढच्या दगडावर जाऊ नका; निम्म्या अपयशी धारा इथेच बिघडतात. मग ४००० वर आणि ८००० वर वीस ते तीस फेऱ्या, १२००० वर पंधरा-वीस, प्रत्येक टप्प्यावर दाब कमी करत, शेवटी पात्याच्या वजनाइतकाच. नंतर चामड्यावर ५० फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाते पाठीवर पालटायचे, धारेवर कधीच नाही.

प्रश्न (नाशिक): १००० च्या दगडावर तासभर घासले. एका बाजूला धारेची पट्टी रुंद, दुसऱ्या बाजूला अगदी अरुंद. मधला भाग तर दगडाला लागतच नाही. हात चुकतोय की वस्तरा?

उत्तर: आधी दगडाची परीक्षा करा. दगड मध्ये खोलगट झाला असेल तर चांगले पातेही वाकडे वाटते. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि काचेवर ३२० चा वॉटर पेपर ओला करून त्यावर घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या तर दगड सपाट. मध्ये रेघा उरल्या तर त्या जाईपर्यंत घासत राहा.

आता पाते. धारेवर दोन्ही बाजूंनी मार्करची काळी शाई लावा, ओल्या दगडावर बिनदाबाचा एकच फेरा घ्या आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहा. पाते आपली कुंडली इथे स्वतःच सांगते. एका बाजूला मधली शाई शिल्लक राहते आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही टोकांची, तर पाते केळ्यासारखे वाकले आहे. तुमचे वर्णन त्याच्याकडेच बोट दाखवते. एका बाजूला टाचेची पट्टी रुंद व नाकाची अरुंद, आणि दुसऱ्या बाजूला नेमके उलट, तर पाते पिळले आहे. दोन्ही बाजूंना एकाच जागी पट्टी रुंद होते, तर तिथे पाठ पातळ आहे किंवा धारेजवळ लोखंड जास्त राहिले आहे. आणि एक बाजू टोकापासून टोकापर्यंत रुंद, दुसरी टोकापासून टोकापर्यंत अरुंद, पण दोन्ही आपापल्या जागी सारख्या, असे असेल तर काळजी नको. पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर खोलगट घासतात (हीच पोकळ घासणी); त्या वेळी चाक किंचित एकीकडे गेले एवढाच त्याचा अर्थ. दिसायला खटकते, दाढीला नाही.

पाते वाकते ते बहुधा पाणी देताना, म्हणजे पोलाद कडक करताना. लाल केलेले पाते तेलात बुडवले की एक बाजू आधी थंड होते, दुसरी मागून. दोन्हींचे आकुंचन एकाच वेळी होत नाही आणि पाते ओढले जाते. पाठ जाड आणि धार पातळ असल्यामुळे वस्तऱ्यात हे सुरी-कात्रीपेक्षा जास्त घडते. चांगल्या कारखान्यात पाणी दिल्यावर प्रत्येक पाते तपासून सरळ करतात आणि त्यानंतरच पोकळ घासतात. जिथे ही पायरी गाळतात तिथे घासणारा वाकडे पातेच घासतो. पॉलिशचे चाक त्यावर अशी झिलई चढवते की हातात घेतल्यावर काहीच कळत नाही. म्हणूनच आम्ही झिलईपेक्षा काचेवर भरवसा ठेवा असे सांगतो.

उपाय वाक किती आहे त्यावर. काचेच्या परीक्षेत कागद सरकत नसेल तर पाते वापरण्याजोगे आहे. रुंद दगडाऐवजी २५ ते ४० मिमी रुंदीचा अरुंद दगड घ्या. पाते टाचेपासून नाकाकडे तिरके ओढत न्या आणि ओढताना हलकेच असे फिरवा की धारेचा प्रत्येक भाग आळीपाळीने दगडावर येईल. प्रत्येक दहा फेऱ्यांनी पुन्हा शाई लावून पाहा. रुंद दगडावर दाब देऊन मधला भाग टेकवण्याचा प्रयत्न करू नका. दाबाने पातळ पाते वाकते, दाब काढला की पुन्हा वर येते. दरम्यान टाच आणि नाक झिजून धार मध्ये फुगते आणि पाठीवर ओरखड्यांचे सपाट चट्टे पडतात. कागद सरकत असेल तर घासायचे थांबवा आणि परत करा.

प्रश्न (ठाणे): स्वस्त चिनी वस्तरा घेतला. घासताना टाचेची धार लागत नाही, दगडावर खांदाच आपटतो.

उत्तर: स्वस्त मालातला हा नेहमीचा दोष आहे. खांदा धारेच्या फार जवळ आणला की तो दगडावर चढतो व टाच उचलली जाते. हा दोष मात्र घरी दुरुस्त होतो. धारेवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून ती झाका. ४०० च्या डायमंड फाइलने टाचेचा टोकदार कोपरा साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखा गोल करत मागे न्या, म्हणजे धार खांद्याच्या निदान ३ ते ४ मिमी आधी संपेल. दर दहा-बारा हातांनी पाते पाण्यात बुडवा. ग्राइंडर वापरू नका, टाचेचे पाणी क्षणात उतरेल. शेवटी ६०० आणि १००० च्या पेपरने कोपरा गुळगुळीत करा, नाहीतर तोच कानाजवळ कापतो.

प्रश्न (सोलापूर): धार उत्तम लागते, हातावरचे केस उडतात. पण एका दाढीनंतर बोथट. पोलादच हलके आहे का?

उत्तर: असू शकते, पण दोन शक्यता आधी तपासा.

पहिली, चामड्याची. चामडे सैल धरले किंवा पाते वळवताना धारेवर फिरवले की धार गोल होते. बोथट झालेला वस्तरा चामड्याविना थेट १२००० च्या दगडावर दहा हलक्या फेऱ्या देऊन बघा. दाढी पुन्हा चांगली झाली तर कारखान्याला दोष देऊ नका.

दुसरी शक्यता नव्या वस्तऱ्यांत बरीच आढळते आणि ती कळायला अवघड आहे. धार जळलेली असते. वस्तऱ्यासाठी वापरतात त्या १ टक्क्याच्या आसपास कार्बनच्या पोलादाला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवतात, मग १८० ते २०० अंशांवर पुन्हा शेकतात. त्यातून रॉकवेल मापावर ६० च्या आसपास कठीणपणा राहतो. पोकळ घासणी त्यानंतर होते, आणि धारेजवळ पाते कागदासारखे पातळ असल्याने चाकाची उष्णता जायला तिथे जागाच नसते. घासणाऱ्याने घाई केली किंवा पाणी कमी सोडले की धार २२० अंशांना पिवळसर, २८० च्या सुमारास जांभळी, ३०० ला निळी पडते. निळ्यापर्यंत गेली की रॉकवेलचे चार-पाच आकडे गेलेच समजा. पुढे पॉलिशमध्ये तो रंग पुसला जातो आणि मऊ झालेले पोलाद चकचकीत होऊन खोक्यात बसते.

याची खूण दगडावर मिळते. धारेवर लोखंडाची बारीक कोर तयार होते, दुसऱ्या बाजूने घासले की ती तिकडे पलटते, पुन्हा घासले की इकडे, पण तुटून जात नाही. हे पोलाद मऊ असल्याचे लक्षण. उलट ८००० वर गेल्यावरही बारीक दाते पुन्हा पुन्हा पडत असतील तर पोलाद जास्त कडक राहिले आहे किंवा कोन फार लहान आहे.

जळलेला भाग बहुधा अगदी टोकापुरताच असतो. पाते उभे धरून धार बारीक दगडावर केवळ स्वतःच्या वजनाने दोन-तीनदा ओढा. धार मुद्दाम मोडायची आहे, म्हणून घाबरू नका. मग १००० वर पुन्हा पट्टी पाडा. असे दोन वेळा केले की टोकाचे थोडे लोखंड जाते. त्याखाली चांगले पोलाद लागले तर वस्तरा एकदम सुधारतो. तिसऱ्यांदाही कोर पलटतच राहिली तर मुळात पाणीच नीट चढलेले नाही, त्याला घरी इलाज नाही. कानसेने कठीणपणा पाहायचा असेल तर शेपटीवर (पात्याच्या मागच्या दांड्यावर) पाहू नका. बऱ्याच वस्तऱ्यांची शेपूट मुद्दाम मऊ ठेवलेली असते. टाचेजवळ पाठीवर बारीक कानस हलकेच फिरवा. घसरली तर पाणी आहे, चावली तर नाही.

प्रश्न (पणजी): मिटताना पाते मुठीच्या एका बाजूला लागते.

उत्तर: पाते ज्यावर फिरते त्या खिळ्याचे भोक तिरके पडले आहे, किंवा मूठ लाकडाची वा शिंगाची असल्यास दमट हवेने पिळली आहे. वस्तरा हळू मिटून उजेडाकडे धरा. पात्याच्या दोन्ही बाजूंना फट दिसली पाहिजे. खिळा सैल असेल तर खालचे डोके ऐरणीवर टेकवून वरच्या डोक्यावर लहान गोल तोंडाच्या हातोडीने दोन-तीन हलक्या टिचक्या द्या आणि पुन्हा पाहा. शिंगाला आणि कडक प्लास्टिकला जोर सहन होत नाही, तडा जातो. खिळा घट्ट असूनही पाते लागत असेल तर भोक चुकले आहे. असा वस्तरा ठेवू नका. रोज मिटताना धारेला त्याच जागी दाता पडेल.

प्रश्न (दुबई): 'दमास्कस' पोलादाचा नक्षीदार वस्तरा स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

उत्तर: नक्षी पाठीवरून दुसऱ्या बाजूला उतरते का, हे आधी पाहा. खरी नक्षी पोलादाच्या थरांची असते, म्हणून रेघा एका बाजूकडून पाठीवर चढून दुसऱ्या बाजूला जातात. पाठ कोरी आणि दोन्ही बाजूंना एकसारखी रांगोळी, तर ती लेसरने किंवा आम्लाने छापलेली आहे. थर खरे असले तरी ते कोणत्या पोलादांचे हे विक्रेता सांगत नसेल तर घेऊ नका. जोडणीत राहिलेली बारीक फट धारेपर्यंत आली की तिथे धार टिकत नाही, आणि ती फट बऱ्याचदा दोन-चार वेळा घासल्यावरच दिसते.

प्रश्न (पुणे): 'सोलिंगेन' असे कोरलेले आहे. मग तरी निर्धास्त राहावे ना?

उत्तर: जर्मनीतल्या सोलिंगेनचे नाव १९३८ पासून कायद्याने राखलेले आहे. १९९४ च्या नियमावलीनुसार मालावरच्या सर्व महत्त्वाच्या प्रक्रिया त्या भागात झाल्या असतील तरच हे नाव कोरता येते. म्हणजे नाव खरे असेल तर माल कुठे घडला याची खात्री मिळते. तुमच्या हातातले पाते सरळ आहे याची नाही. 'सोलिंगेन स्टील' एवढेच शब्द आणि निर्मात्याचे नाव कुठेच नाही, असा वस्तरा दिसला तर दूर राहा. त्या गावाची ख्याती आहे ती पोकळ घासणाऱ्यांच्या हाताची.

आणि तेच हात कमी झाले आहेत. १९०३ मध्ये जिलेटचा बदलत्या ब्लेडचा रेझर विक्रीला आला आणि सोलिंगेन, शेफील्ड, फ्रान्समधले तिएर, सगळीकडे वस्तऱ्याचा धंदा उतरणीला लागला. दोन चाकांमध्ये पाते धरून ते किती पातळ झाले हे बोटांनी ओळखायला वर्षानुवर्षे लागतात. मागणी आटल्यावर ते शिकायला माणसे येईनात. आता हौसेने मागणी पुन्हा वाढली, पण कारागीर तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. आम्हाला खरी खंत याची वाटते की सोनेरी नक्षीवर आणि मुठीच्या लाकडावर खर्च होतो, पण काचेवर पाते टेकवून पाहायला लागणारी दोन मिनिटे वाचवली जातात. महाग वस्तराही वर सांगितल्याप्रमाणेच तपासून घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): विक्रेता म्हणतो, 'तुम्ही दगडावर घासले, आता परत घेणार नाही.'

उत्तर: म्हणूनच तपासणी दगडाआधी. खोके उघडतानाचा व्हिडिओ, व्हर्निअरचे आकडे दिसतील असे तीन फोटो, काचेवरच्या फटीतून येणाऱ्या उजेडाचा एक फोटो एवढे पुरावे ठेवा. मार्करची शाई स्पिरिटने पुसली जाते, पण तिच्या परीक्षेला दगडाचा एक फेरा लागतो, तेव्हा ती सर्वांत शेवटी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार मिटवायची असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रारीत 'धार नाही' असे लिहू नका, तो वादाचा मुद्दा होतो. 'पाते काचेवर टेकत नाही, मध्ये ०.१ मिमीपेक्षा जास्त फट आहे' असे लिहा. तुम्ही आधीच घासले असले तरी पाठीची जाडी आणि वाक घासण्याने एका तासात तयार होत नाहीत, हे फोटोसह दाखवता येते.

प्रश्न (रत्नागिरी): सीलबंद खोके पावसाळ्यात उघडले तर पात्यावर लाल ठिपके. नवा म्हणून घ्यायचा?

उत्तर: ठिपका कुठे आहे त्यावर ठरवा. पाठीवर किंवा पात्याच्या मधोमध असेल तर शिलाई मशीनचे तेल लावून तासभर ठेवा, मग तेलातच २००० च्या पेपरने पाठीकडून धारेकडे हलके पुसा. डाग गेला आणि बोटाला खळगा लागला नाही तर चालेल. धारेपासून २ मिमीच्या आत ठिपका असेल तर भिंगाने पाहा. तिथे काळा खळगा दिसला तर परत करा, कारण धार झिजत झिजत त्या खळग्यापाशी येणार आणि तिथे तुटणार. वापरायला घेतल्यावर पाते मऊ फडक्याने कोरडे करा, खिळ्याच्या सांध्यात कागदाचे टोक घालून तिथले पाणी टिपा, तेलाचा एक थेंब पात्यावर पसरवा. वस्तरा न्हाणीघरात आणि चामड्याच्या बंद पाकिटात ठेवू नका. कोकणात चामडे ओल धरते.